जुनी इलेक्ट्रिक गिटार खरी की खोटी? सोलापुरात रेल्वे लाईन्सच्या काकांकडे दाखवा (डिटेल रिव्ह्यू)

आधी रेटिंग देऊन टाकतो, पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार का कापला ते खाली येईलच. पण घरात कुणाची जुनी फेंडर, गिब्सन, इबानेझ, यामाहा पडून असेल, ती खरी आहे का, किती सालची आहे, त्यातलं काय काय बदललंय हे कळत नसेल तर पुण्या-मुंबईला धावायच्या आधी इथे दाखवा एवढंच म्हणणं आहे. दुकानाला बोर्ड नाहीये. सात रस्त्याकडून रेल्वे लाईन्सकडे जाताना आतल्या गल्लीत एक शटर, बाहेर जुन्या स्पीकरचे खोके रचलेले, आत टेबलावर सोल्डरिंग आयर्न. काकांनी नाव आणि नंबर कुठे टाकू नको म्हणून सांगितलंय म्हणून टाकत नाही, पण सोलापुरातल्या कुठल्याही जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याला नाहीतर बँजो पार्टीवाल्याला विचारा, तो दुकानापर्यंत आणून सोडेल.

काका मूळचे ॲम्प्लिफायर रिपेअरवाले. गणपतीला, गड्ड्याच्या यात्रेला, लग्नाला जेव्हा ऑर्केस्ट्रा असायचे तेव्हा सगळ्यांचे ॲम्प आणि गिटारी यांच्याच टेबलावर यायच्या, त्यामुळे यांनी आतून-बाहेरून इतक्या गिटारी उघडून बघितल्यात की विचारू नका. त्या वेळी बाहेरच्या मालावर सरकारचे निर्बंध होते, खरी फेंडर-गिब्सन इकडे यायची ती कुणाच्या तरी सामानातून, जहाजावरून, नाहीतर मुंबईत कुणी देश सोडून चालला की त्याच्याकडून. बिल नाही, बॉक्स नाही, कागद नाही. म्हणजे आज अशी गिटार हातात आली तर ती काय आहे हे गिटारलाच विचारावं लागतं, दुसरा पुरावा नसतो. हे काम काकांना येतं आणि ते मनापासून करतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की काका गिटार विकत घेत नाहीत आणि विकतही नाहीत. कमिशनवर गिऱ्हाईकसुद्धा आणून देत नाहीत. तपासायचे पैसे घेतात आणि जे दिसलं ते लिहून देतात. हे मुद्दाम सांगतोय कारण पुण्यात एका व्यापाऱ्याला (नाव घेत नाही) मी आधी हीच गिटार दाखवली होती, त्याने केसमधून पूर्ण बाहेर न काढता "अहो पेंट मारलेली आहे, चायना पण असू शकते" म्हणत असा भाव सांगितला की त्यात आजची नवी भारतीय गिटारपण धड येणार नाही, आणि वर "आत्ता देताय तर कॅश देतो". जो माणूस तुमची वस्तू घेणार आहे त्यानेच तिची किंमत ठरवायची हा प्रकारच चुकीचा आहे. तपासणारा वेगळा आणि घेणारा वेगळा हवा, जुन्या गिटारच्या बाबतीत तर हवाच हवा कारण इथे एका पिकअपने (तारांखाली बसवलेला, त्यांचा आवाज पकडणारा चुंबकी भाग) आकडा हलतो.

गिटार माझ्या मामाची. मामा ऑर्केस्ट्रात वाजवायचा, मुंबईत एका हॉटेलच्या बँडमधल्या माणसाकडून त्याने ती घेतली होती, आणि आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं की ही "चौसष्टची स्ट्रॅटोकास्टर" आहे. स्ट्रॅटोकास्टर, थोडक्यात स्ट्रॅट, हे फेंडरचं मॉडेल आणि चौसष्ट म्हणजे १९६४. लाल रंग, पांढरा पिकगार्ड (तारांखालचं प्लॅस्टिकचं झाकण). आता मामीला ती द्यायचीये पण योग्य माणसाला आणि योग्य किमतीला, फसवून नाही आणि फसूनही नाही. म्हणून काकांकडे नेली.

काकांनी आधी अर्धा तास काहीच खोललं नाही म्हटलं तरी चालेल, नुसती उजेडात धरून बघत होते. मग पहिलं वाक्य, "बाळा, चौसष्टची नाही ही. डोकं बघ की." म्हणजे हेडस्टॉक, जिथे तारांच्या खुंट्या असतात तो भाग. फेंडरने स्ट्रॅटचा हेडस्टॉक मोठा केला तो १९६५ च्या शेवटाकडे. त्या वर्षी जानेवारीत सीबीएस या मोठ्या अमेरिकन कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरला विकत घेतली, त्यानंतर हळूहळू बदल होत गेले, म्हणून बाजारात "प्री-सीबीएस" म्हणजे त्याच्या आधीच्या गिटारींना वेगळाच भाव आहे. विकणारा माणूस ओढूनताणून चौसष्ट का म्हणतो ते यावरून कळेल. मामाला ज्याने विकली त्याने तसंच सांगितलं असणार. मोठं डोकं म्हणजे पासष्टच्या शेवटानंतरची, विषय संपला. अर्थात कुणी नेक (गिटारची दांडी) बदलला असेल तर बॉडी जुनी असू शकते, ते पुढे बघायचं.

मी लगेच म्हटलं काका सीरियल नंबर बघा ना, मागे प्लेटवर आहे. यावर काका जे बोलले ते मी इथे जसंच्या तसं टाकतो कारण सगळ्यांनी वाचावं. "नंबरचं काय सांगतो बाळा, चार स्क्रूची पट्टी हाय ती. स्क्रू काढला की ह्या गिटारची पट्टी त्या गिटारला. नंबर सगळ्यात शेवटी बघायचा." आणि खरंच आहे ते. फेंडरचा नंबर १९७६ पर्यंत नेकच्या मागच्या पत्र्याच्या प्लेटवर असायचा, आणि कारखान्यात त्या प्लेटा डब्यातून जशा हाताला येतील तशा लावायचे, त्यामुळे नंबरावरून साल निघतं ते अंदाजे, एक-दोन वर्षं इकडे तिकडे. १९७६ पासून नंबर हेडस्टॉकवर गेला, एस आणि पुढे आकडा, म्हणजे सत्तरचं दशक आणि त्यातलं वर्ष. आमच्या प्लेटवर मोठा इंग्रजी एफ कोरलेला आणि वर सहा आकडी नंबर, दोन लाखाच्या जवळपासचा. तो सदुसष्ट-अडुसष्टला बसतो. काकांनी तो वहीत लिहिला पण पुढे कंसात प्रश्नचिन्ह टाकलं, बाकी सगळं बघून झाल्यावर ते प्रश्नचिन्ह खोडलं.

मग उघडायला सुरुवात. तारा एकदम कापल्या नाहीत, थोड्या थोड्या सैल केल्या. स्क्रूड्रायव्हरचं टोक प्रत्येक स्क्रूला लावून बघून मगच निवडलं, कारण जुन्या स्क्रूचं डोकं घासलं गेलं तर पुढच्या माणसाला वाटणार की कुणीतरी वाट्टेल तसं खोललंय. नेक निघाला. नेकच्या बुडाला, जो भाग बॉडीच्या खाचेत बसतो तिथे शिक्का असतो. पन्नासच्या दशकात पेन्सिलीने तारीख लिहायचे, १९६२ पासून रबरी शिक्का आला. आमच्यावर फिकट झालेला पण वाचता येण्यासारखा शिक्का निघाला, मॉडेलचा आकडा, मग SEP म्हणजे सप्टेंबर, मग ६७, मग बी. बी म्हणजे नटजवळची (हेडस्टॉकच्या खाली तारा जिथे टेकतात ती पट्टी) नेकची रुंदी, १ ५/८ इंच. ए असता तर दीड इंच, सी असता तर पावणेदोन. काकांनी व्हर्निअर लावून मोजलं, शिक्का जे म्हणतो तेच निघालं. हे मला फार आवडलं, शिक्का वाचून थांबले नाहीत, शिक्का खरं बोलतोय का ते मोजून बघितलं. कारण शिक्के पण बनवून मिळतात.

आता बॉडी. मामाच्या लहानपणापासूनच्या नाही पण त्याच्या तरुणपणापासूनच्या सगळ्या फोटोत ही गिटार लालच आहे, त्यामुळे आम्हाला ती लालच आली असं वाटायचं. फेंडरकडे लाल रंग होते, फिएस्टा रेड, कँडी ॲपल रेड, आणि असा मूळ कस्टम रंग असेल तर किंमत वर जाते. काकांनी नेकच्या खाचेत टॉर्च मारला. पूर्ण लाल, कोपऱ्यापर्यंत गुळगुळीत लाल. तिथेच त्यांनी मान हलवली. त्या काळात फेंडरच्या कारखान्यात रंग मारताना बॉडी धरायला नेकच्या खाचेत एक काठी स्क्रूने बसवायचे, त्यामुळे खरी बॉडी असेल तर खाचेत काठीच्या आकाराची रंग न लागलेली पट्टी राहते. आमच्या खाचेत ती पट्टी लालने झाकलेली, म्हणजे लाल नंतर मारला. मग पिकगार्ड उचलला आणि खाली कंट्रोलच्या खड्ड्याच्या कडेला, जिथे स्प्रे नीट पोचला नव्हता, तिथे नखाएवढी जागा दिसली, आत पिवळट मग तांबूस आणि कडेला काळपट. सनबर्स्ट. ही गिटार कारखान्यातून थ्री-टोन सनबर्स्ट निघाली होती आणि नंतर कुणीतरी मोटारीच्या गॅरेजमधे नेऊन लाल मारून घेतलीये. ऑर्केस्ट्राच्या ड्रेसला मॅचिंग करायला लोक असं सर्रास करायचे म्हणे. मामीने हे ऐकून एकदम सांगितलं की हो, सगळ्यांचे कोट लाल होते.

मग लाइट बंद करून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च. जुनं नायट्रो लॅकर (त्या काळचं वरचं पारदर्शक पॉलिश) त्यात पिवळट-हिरवट चमकतं. हेडस्टॉकचा पुढचा भाग चमकला, बॉडी मेल्यासारखी काळी राहिली. फक्त टॉर्चवर विश्वास ठेवायचा नाही असंही काकांनी लगेच सांगितलं, पॉलिश मारलेलं असेल तर वेगळं दिसतं, आणि नव्या लॅकरमधे पिवळा रंग मिसळून जुनं दाखवणारेही आहेत. पण इथे खाच, खड्डा आणि टॉर्च तिन्ही एकच सांगत होते. रिफिनिश झालेल्या, म्हणजे नंतर परत रंगवलेल्या, जुन्या गिटारची किंमत बाजारात साधारण निम्मी धरतात. ऐकून वाईट वाटलं पण कळलं ते बरं झालं, हे घेणाऱ्याने शोधून काढलं असतं तर आमच्या शब्दाला किंमत राहिली नसती.

इलेक्ट्रिकल भागात काका सगळ्यात रंगतात आणि हा भाग तुम्ही समोर बसून बघाच. व्हॉल्यूम आणि टोनच्या पॉटच्या (नॉबखाली फिरणारा इलेक्ट्रिकल भाग) पाठीवर आकडे असतात. पहिले तीन आकडे कंपनीचे, १३७ असेल तर सीटीएस, ३०४ असेल तर स्टॅकपोल, त्यानंतर साल आणि शेवटी आठवडा. आमच्या एका पॉटवर १३७६६३३, म्हणजे सीटीएस, १९६६, तेहतिसावा आठवडा. मी म्हटलं काका नेक सदुसष्टचा आणि पॉट सहासष्टचे, मग बदललेत का? तर नाही. पॉट आधी बनतो, कारखान्यात पडून राहतो, मग लागतो. आणि फेंडरने १९६६ मधे सीटीएसकडून एवढा मोठा साठा घेतला की साठच्या दशकाच्या शेवटापर्यंतच्या गिटारीत सहासष्टचेच पॉट सापडतात. पॉट फक्त एवढंच सांगतो की गिटार याच्या आधीची नाही. उलट असतं, म्हणजे नेक सदुसष्टचा आणि पॉट बहात्तरचा, तर मात्र थांबून विचार करायचा.

आणि सोल्डर! काकांनी सोल्डरला अजिबात हात लावला नाही. भिंग लावून प्रत्येक सांधा बघितला. कारखान्यातला सांधा एकदाच गरम झालेला असतो, वर जुना मळकट थर, आणि वायर कापडाच्या वेष्टनाची. आमच्या दोन पिकअपच्या वायरी कापडी, मधल्याची प्लॅस्टिकची, आणि तिथला सांधा पण नवा चकचकीत. पिकअप उलटा केल्यावर नेकचा आणि ब्रिजचा, दोन्हींच्या खाली करडा फायबर, मधल्याचा बॉबिन (तार गुंडाळायची रीळ) काळ्या प्लॅस्टिकचा. वरून पण कळतं, फक्त माहीत असायला हवं. त्या काळच्या स्ट्रॅटच्या पिकअपमधले सहा मॅग्नेट वेगवेगळ्या उंचीचे असतात, १९७४ च्या शेवटाकडे ते एका लेव्हलला आले, आणि आमच्या मधल्यातले सगळे एका लेव्हलला होते. मल्टीमीटर लावला तर मूळ दोन्ही सहा हजार ओहमच्या थोडे खाली, मधला सरळ सातच्या वर. इतकी वर्षं तो पिकअप तिथे होता आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मागच्या खुंट्यांवर एफ, त्या साधारण सदुसष्टपासूनच्या, म्हणजे बसतात. हेडस्टॉकवरचा लोगो सोनेरी, काळ्या कडेचा, ज्याला ट्रान्झिशन लोगो म्हणतात, तो पण १९६४ ते ६७-६८ चा. एकेक गोष्ट सुटी घेतली तर कशावरही शंका घेता येते, पण वेगवेगळ्या हातांनी बनलेल्या एवढ्या वस्तू सगळ्या एकाच सालाकडे बोट दाखवायला लागल्या की मग मानावंच लागतं.

रिपोर्टमधे तीन भाग असतात. मूळ काय, बदललेलं काय, आणि सांगता येत नाही असं काय. तिसरा भाग बघूनच माझा काकांवर विश्वास बसला. आमच्या रिपोर्टात तिसऱ्यात पिकगार्ड आहे, कारण तो त्या काळच्या पद्धतीचा तीन थरांचा पांढरा आहे, स्क्रूची भोकं पण जुळतात, पण तेवढ्यावरून तो याच गिटारचा असं ठामपणे म्हणता येत नाही. दुसऱ्या कुणी सरळ "ओरिजिनल" लिहून टाकलं असतं. फिंगरबोर्डचं (नेकवर बोटं दाबतो ती फळी) लाकूड पण तिसऱ्यात. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच अमेरिकन कंपन्या ब्राझिलियन रोझवूड वापरायच्या, नंतर आपल्याकडचं शिसव वापरायला लागल्या, आणि सदुसष्टच्या गिटारला शिसव असायची शक्यता जास्त. पण नुसतं बघून शंभर टक्के सांगता येत नाही असं काका म्हणतात आणि तसंच लिहितात. याचा फरक कुठे पडतो तर गिटार बाहेरच्या देशात पाठवायची झाली तर. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे परवानगीशिवाय सीमेपलीकडे न्यायचीच नाही. शिसव २०१७ मधे दुसऱ्या परिशिष्टात आलं होतं पण २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. परदेशातलं गिऱ्हाईक मिळालं म्हणून उड्या मारायच्या आधी हे बघा.

मी तिथे बसलेलो असताना आलेल्या दोन गिटारींबद्दल पण लिहितो कारण आपल्याकडे जास्त करून याच प्रकारच्या येतात.

एक कॉलेजचा मुलगा जुळे सोलापूरवरून लेस पॉल (गिब्सनचं प्रसिद्ध मॉडेल) घेऊन आला, ऑनलाइन कुणाकडून तरी घेतलेली, "१९८१ ची गिब्सन". नंबर आठ आकडी, ८०४५१ ने सुरू. गिब्सनचा १९७७ पासूनचा हिशोब असा की पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल आणि मधले तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस, म्हणजे ८१ चा पंचेचाळिसावा दिवस, १४ फेब्रुवारी. नंबर एकदम बरोबर वाचला जातो. मुलगा खूश. काकांनी हेडस्टॉकवरच्या छोट्या काळ्या झाकणाकडे बोट दाखवलं, ट्रस रॉडचं (नेकच्या आतली, बाक नीट करायची सळई) झाकण, त्याला तीन स्क्रू. गिब्सनला दोन असतात. झाकण काढलं तर आत ॲलन कीचा खड्डा, गिब्सनला पितळी षटकोनी नट असतो. ब्रिजचे खांब जाडजूड, वर स्क्रूड्रायव्हरची खाच. चायनीज डुप्लिकेट, आणि नंबर कुठल्यातरी खऱ्या गिटारच्या फोटोवरून उचललेला. नंबर बरोबर असणं म्हणजे काहीच नाही, खोटं बनवणाऱ्यालाही इंटरनेट आहेच की. काकांनी त्या मुलाला झापलं नाही, हसले नाहीत, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासून गिटार वाजवण्याजोगी कशी होईल ते सांगितलं आणि तपासणीचे पैसे पण अर्धेच घेतले. मुलाचा चेहरा उतरला होता, पण जाताना तो विक्रेत्याला पाठवायला सगळे फोटो घेऊन गेला.

दुसरी गिटार जास्त इंटरेस्टिंग. एका गृहस्थांच्या वडिलांची, हेडस्टॉकवर गिब्सन. काकांनी लोगोवर नख फिरवलं आणि म्हणाले हा वरून चिकटवलाय, गिटार मात्र चांगली आहे. मागे नंबर ए७६ ने सुरू. इबानेझने १९७५ पासून नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं ठेवलं, ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं एल पर्यंत, पुढचे दोन आकडे साल. म्हणजे जानेवारी १९७६ ची जपानी इबानेझ. आतले पॉट छोटे, मेट्रिक मापाचे, नेक स्क्रूने बसवलेला, गिब्सनचा चिकटवलेला असतो. सगळं जपानकडे बोट दाखवणारं. अशा गिटारींना बाजारात "लॉसूट" म्हणतात आणि त्या शब्दावर भाव चढवतात. खरा खटला एकच, गिब्सनच्या मालक कंपनीने, नॉर्लिनने, २८ जून १९७७ ला इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्गरवर फिलाडेल्फियात घातलेला, आणि तोही मुख्यतः हेडस्टॉकच्या वरच्या आकारावरून, आणि कोर्टाबाहेर मिटला. त्यामुळे सत्तरच्या दशकातली कुठलीही जपानी कॉपी "लॉसूट" म्हणून दाखवली की दुप्पट पैसे मोजू नका. गिटार वाजवून बघा, उघडून बघा. काकांनी त्या गृहस्थांना लोगो काढून टाकायचा सल्ला दिला, कारण इबानेझ म्हणून तिला मान आहे आणि खोटी गिब्सन म्हणून नाही.

हो, आणि गिवसन. "आमच्याकडे जुनी गिब्सन आहे" म्हणून येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांकडे कोलकात्याची गिवसन असते, अक्षर नीट वाचलं की कळतं. काका त्याचे पैसे घेत नाहीत, दारातूनच सांगतात. पण तिला हलकी म्हणत नाहीत हे पण लिहायला पाहिजे. या गिटारींवर अख्ख्या महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी पोट भरलंय, असं ते म्हणतात, आणि मला ते पटतं.

खरी गिब्सन आली तर काका सगळ्यात आधी डोकं आणि नेक जिथे मिळतात तिथे तिरका उजेड मारतात. गिब्सनचा हेडस्टॉक मागे कललेला, आधी १७ अंश, पासष्टच्या शेवटापासून काही वर्षं १४, त्यामुळे केस पडली की तिथेच तुटतो. चिकटवून वाजते छान, पण किंमत खूप उतरते, आणि विकणारा हे स्वतःहून कधी सांगत नाही. १९७० च्या सुमाराला तिथे मागच्या बाजूला मजबुतीसाठी फुगवटा ठेवायला लागले, १९८१ च्या आसपास काढला. कुणी फुगवटावाली गिटार पंचावन्नची म्हणून दाखवली तर तिथूनच परत फिरा. आणि साठच्या दशकातले गिब्सनचे नंबर तर एकच नंबर दोन-तीन वेगळ्या वर्षांत परत परत वापरलेले, त्यावर साल सांगणारा माणूस अंदाज सांगतोय एवढं समजा.

आता अर्धा स्टार. एक, वेळ. दुकान कधी उघडं असेल याचा नेम नाही, दुपारी एक ते पाच तर सोडूनच द्या, आणि घाईत असाल तर येऊच नका. आमची गिटार बरेच दिवस तिथे होती. दोन, रिपोर्ट हाताने मराठीत लिहितात. अक्षर सुंदर आहे पण बाहेरच्या गिऱ्हाईकाला काय दाखवणार? सुनबाई टाइप करून इंग्रजीत देतात पण ते वेगळं मागावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे. तीन, फोटो. मोबाईलवर काढतात, नेकचा शिक्का आणि पॉटचे आकडे आमच्या फोटोत नीट आलेच नव्हते, मी परत माझ्या फोनने काढले. ज्या दोन गोष्टींवर अख्खा निकाल उभा आहे त्यांचेच फोटो धूसर असून कसं चालेल, हे त्यांना पण सांगितलं, आता छोटा स्टँड आणणार म्हणालेत. पार्किंग नाही, गल्लीत टू-व्हीलरच नेता येते.

रेट: नुसतं बाहेरून बघून सांगायचे पाचशे, पूर्ण उघडून लेखी रिपोर्टसकट दोन हजार, इंग्रजी हवं तर वर तीनशे. माझ्या वेळचे आहेत, आधी विचारा. जे काम ते करतात त्याला हे कमीच आहेत.

एक गोष्ट सोलापूरवाल्यांसाठी. आपल्याकडचा एप्रिल-मे या गिटारींना सोसत नाही. कोरड्या उन्हाळ्यात नेकचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचायला लागतात. लोकांना वाटतं गिटार खराब झाली आणि मग कुणीतरी कानस मारून बाइंडिंगसकट (नेकच्या कडेची प्लॅस्टिकची किनार) घासून टाकतं. गिब्सनच्या बाइंडिंगला प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी छोटा उंचवटा असतो, तो शाबूत असेल तर फ्रेट मूळचे आहेत याचा तो पुरावा. एकदा घासला की गेला. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर ठेवू नका, केसमधे एखादं ह्युमिडिफायर ठेवा, आणि टोचत असेल तर आधी काकांना दाखवा.

मामाच्या गिटारचा निकाल असा लागला: सप्टेंबर १९६७ चा नेक, त्याच काळची मूळ बॉडी, रंग नंतरचा, मधला पिकअप नंतरचा, बाकी इलेक्ट्रिकल मूळचं. चौसष्ट नाही पण खरी. मामीने तो कागद दोनदा वाचून घेतला आणि लाल रंग उतरवायचा नाही असं ठरवलं. काकांचंही तेच म्हणणं होतं, खालचा सनबर्स्ट आता परत येणार नाही, वरून नवीन सनबर्स्ट मारला तर ते दुसरं रिफिनिश होईल. गिऱ्हाईकाला रिपोर्ट आधी द्यायचा आणि गिटार नंतर दाखवायची असं आम्ही ठरवलंय.

जाणार असाल तर गिटार पुसून, पॉलिश मारून नेऊ नका, तारा पण बदलू नका, आहे तशी न्या. केसच्या कप्प्यात जुन्या चाव्या, पट्टे, तुटके स्क्रू, टोनची जुनी नॉब असं काहीही असेल तर फेकू नका, सगळं पिशवीत घालून न्या. आमच्या केसच्या कप्प्यात एक जुना पिकअप कागदात गुंडाळलेला होता. काकांनी तो उलटा केला, खाली करडा फायबर, कापडी वायर, मॅग्नेट वर-खाली. मीटर लावल्यावर मात्र काहीच दाखवलं नाही, आत तार तुटलीये. मधला मूळ पिकअप हाच असावा असं त्यांनी तिसऱ्या भागात लिहून दिलंय. रिवाइंड करायचा (नवी तार गुंडाळायची) की आहे तसाच गिटारबरोबर द्यायचा हे घेणाऱ्यावर सोडा म्हणाले.